गहाणखताची पदवी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे वहीपूजन करण्याची चाल आहे. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, हळद वाहायची, लाह्या-बत्तासे ठेवायचे आणि मुलांच्या हातावर प्रसाद ठेवून दिवाणखान्यात फराळाला बसायचे. तेव्हा दिवाळी अंकात मी कर्जाचा विषय काढला म्हणून वाचकांनी मला अभद्र म्हणू नये. वही पुजायचीच, तर तिच्यातली नावेची बाजू न वाचता ती पुजण्यात हशील काय?

मी ज्या कर्जाविषयी लिहिणार आहे ते शेतीचे नव्हे, लग्नाचे नव्हे, दुकानाचेही नव्हे. ते विद्येचे आहे. आणि विद्येचे म्हटले की आपल्या मराठी माणसाची जीभ लुळी पडते. विद्येसाठी काढलेल्या कर्जाला वाईट म्हणणारा माणूस तो म्हणजे अडाणी, असा आपला समज झाला आहे. त्यातही सध्या जी टूम निघाली आहे ती कायद्याच्या वरच्या पदवीची. मुलाने किंवा मुलीने इकडे एलएल.बी. व्हायचे, आणि मग लंडन नाही तर न्यूयॉर्क गाठून एका वर्षात एलएल.एम. घेऊन यायचे. या एका वर्षाला जो पैसा लागतो तो मध्यमवर्गीयाच्या घरात नसतो. म्हणून तो बँकेतून येतो, आणि बँक म्हणते, घराचे कागद आणा.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो लवकर येईल. राहते घर तारण ठेवून ही पदवी आणणे हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तो करणाऱ्या बापाला मी दोष देत नाही. हुशार पोरीला वरचे शिक्षण द्यायचे तर घरावर बोजा चढवण्यावाचून दुसरा मार्ग उरू नये, अशी व्यवस्था ज्यांनी खुशाल चालू दिली त्या आपणा सर्वांना देतो.

आता कोणी विचारील, हा मनुष्य कोण? मी मॅट्रिक आहे. एका खासगी शाळेत चित्रकला शिकवतो आणि गणिताचे मास्तर रजेवर गेले की त्यांचा तास घेतो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतून आजवर तीन बापांनी जमिनी विकल्या आणि एकाने घर. कागदावर ते फार स्वस्तात होते. कायद्याच्या कलमांतले मला काही कळत नाही, पण या व्यवहाराला कायदा लागत नाही, चक्रवाढ व्याज लागते, आणि ते आमच्याकडे आठवीत शिकवतात.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी परदेशी शिक्षणाचा एक मेळावा भरला होता. मंगल कार्यालय, बाहेर कमान, आत निळ्या पडद्यावर दगडी मनोऱ्यांची चित्रे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला गुलाबपाणी. मार्गदर्शन अगदी फुकट. मला फुकट या शब्दाची पहिल्यापासून धास्ती वाटते. टाय बांधलेल्या त्या गृहस्थांचा पगार कोणीतरी देतच असणार. तो पुष्कळ वेळा परदेशातली विद्यापीठे देतात. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक डोक्यामागे दलालाला अडत मिळते, आणि ती अडत त्याच विद्यार्थ्याच्या फीमधून निघते. इंग्लंडात ही पद्धत राजरोस आहे, कोणी ती लपवीत नाही. लपवतो तो आपला मंगल कार्यालयातला माणूस. मोंढ्यात भुसाराचा अडत्या निदान अडतीचा दर तरी सांगतो.

त्या मेळाव्यानंतर आठ दिवसांनी एक गृहस्थ माझ्याकडे आले. एस. टी.च्या आगारात मेकॅनिक, निवृत्तीला चार वर्षे राहिलेली. तीन खोल्यांचे घर, वर पत्रा, दारात जास्वंद. त्यांची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती. ती एलएल.बी. झाली आणि जिल्ह्याच्या कोर्टात एका जुन्या वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करू लागली, एवढे मला ठाऊक होते. हातातली गुळगुळीत कागदाची पुस्तिका माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही पुस्तकं लिहिता. तुम्हाला यातलं कळत असेल. ताई लंडनला जायचं म्हणते. बँकवाले म्हणतात घर लिहून द्या. देऊ का?”

मी त्यांना बसवले, चहा मागवला, आणि मुलीला काय शिकायचे आहे ते विचारले. ते त्यांना नीट सांगता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच आली. तिने जे सांगितले ते ऐकून माझी पंचाईत झाली, कारण ते ऐकण्यासारखे होते. आमच्या भागात बाप वारला की तेराव्याच्या आत भाऊ बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. साडी-चोळी देतात आणि सही घेतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, केंद्राने तोच २००५ मध्ये सगळ्या देशाला दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा यांच्या खटल्यात त्यावरचे उरलेसुरले किंतु काढून टाकले. कागदावर बाईचा हिस्सा पक्का झाला. साडी-चोळी चालूच राहिली. दुसऱ्या देशांत बायकांची मिळकत सहीच्या जोरावर काढून घेण्याला कायदा कसा आळा घालतो, हे तिला शिकायचे आहे. “आणि मग?” मी विचारले. “मग परत येणार, सर. इथंच बसणार, कोर्टाच्या आवारात. दुसरीकडे जाऊन काय करू?”

अशा मुलीला जाऊ नकोस म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पण मी पाटी घेतली.

लंडनच्या नावाजलेल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला एलएल.एम.ची फी ३० हजार पौंडांच्या वर आहे. राहण्याखाण्याला महिना दीड हजार पौंडांच्या आसपास दाखवल्याशिवाय सरकार व्हिसा देत नाही. विमानाचे भाडे, व्हिसाची फी, तिकडच्या आरोग्यसेवेचा आगाऊ भरणा वेगळा. सगळे मिळून ४५ हजार पौंड धरले आणि पौंडाला ११० रुपये धरले, तर हिशेब पन्नास लाखांना टेकतो. अमेरिकेत जायचे तर याहून वर. तिथल्या वरच्या दर्जाच्या विधी महाविद्यालयांची नुसती फीच ७५ हजार डॉलरच्या पुढे गेली आहे. डॉलरला ८५ रुपये धरले तरी ते ६३ लाख ७५ हजार झाले, आणि मुलाने अजून पावाचा तुकडा तोंडात घातलेला नाही.

पन्नास लाख रुपये, दहा टक्के व्याज, पंधरा वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ५३,७०० रुपये. पंधरा वर्षांत फेडायची रक्कम जवळजवळ ९७ लाख. मुलगी शिकत असताना चढणारे व्याज मी यात धरलेलेच नाही. आता दुसरी बाजू. आपल्या बार कौन्सिलने २०२४ च्या ऑक्टोबरात एक परिपत्रक काढले: ज्युनिअर वकिलाला शहरात महिना निदान २० हजार आणि गावात १५ हजार द्यावेत. द्यावेत, अशी शिफारस आहे. दिलेच पाहिजेत असे नाही. त्यावरून खरोखरी काय मिळते याची कल्पना वाचकांनी करावी. म्हणजे ही मुलगी परत आली, कोर्टाच्या आवारात बसली आणि तिला शहरातल्या शिफारशीइतका पैसा मिळाला, तरी ती दरमहा ३३,७०० रुपयांनी तोट्यात. हा तोटा कोण भरणार? बाप, पेन्शनीतून? एस. टी.च्या मेकॅनिकची पेन्शन किती असते, हे ज्याच्या घरात तो मेकॅनिक असेल त्यालाच विचारा.

तेव्हा ती परत येणार नाही. येऊ शकणार नाही. मन नाही म्हणून नव्हे, हप्ता आहे म्हणून. तिकडे राहिली तर एखाद्या मोठ्या फर्ममध्ये कंपन्यांचे करारनामे तपासत बसेल, तेही नोकरी लागली तर. इकडे आली तर मुंबईत जाऊन तेच करील. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बाईचे वकीलपत्र ती घेऊ शकणार नाही, कारण त्या बाईजवळ फी नसते. ज्या कामासाठी शिकायला जायचे त्याच कामापासून तिला तोडणारी ही पदवी आहे, आणि तोडण्याचे काम पदवी करीत नाही, ती विकत घेण्याची रीत करते.

यात आणखी एक गाठ आहे. या मुलीला धाकटा भाऊ आहे, आयटीआयला आहे. उद्या घराचा प्रश्न निघेल तेव्हा तो म्हणेल, आणि न्यायाने म्हणेल, “ताई, तुझ्या शिक्षणाला घर लागलं, हप्ते मी भरले. आता सही कर.” म्हणजे हक्कसोडपत्राचा अभ्यास करून आलेली बाई घरी येऊन पहिली सही हक्कसोडपत्रावर करणार! मी असली गोष्ट कादंबरीत घातली असती तर टीकाकारांनी मला ओढूनताणून जुळवले म्हणून झोडपले असते.

आता एक साधी गोष्ट, जी त्या निळ्या पडद्यासमोर कोणी सांगत नाही. वकिलीच्या सनदेला एलएल.एम. लागतच नाही. एलएल.बी. पुरते. एलएल.एम. लागते ते मुख्यतः कायदा शिकवायला. आणि शिकवण्याच्या बाबतीत तरी परदेशी पदवीचा मान आहे काय? बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांनी म्हटले की परदेशातली एका वर्षाची एलएल.एम. भारतीय एलएल.एम.च्या बरोबरीची धरता येणार नाही. त्या नियमांवर सर्वोच्च न्यायालयात तक्रारी गेल्या, कौन्सिलने ते लगेच अमलात न आणण्याचे कबूल केले; पण ज्याने घर गहाण टाकले त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल! पन्नास लाखांचा माल आणावा आणि जकातनाक्यावर शिपायाने म्हणावे, हे नाणे इथे चालते की नाही ते विचारून सांगतो.

‘मग काय मुलांनी परदेशी जाऊच नये? गांधी गेले, आंबेडकर गेले,’ असे लोक म्हणतात. गेले ना. पण ते कोणाच्या पैशाने गेले आणि परत आल्यावर त्यांचे काय झाले, हे कोणी पाहत नाही.

मोहनदास गांधी १८८८ मध्ये निघाले. बायकोच्या दागिन्यांवर नजर टाकून झाली होती. शेवटी थोरल्या भावाने पैशाची सोय केली. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात त्यांना उलटतपासणी करवेना. तीस रुपये फी परत करून ते खाली बसले. पुढे राजकोटला अर्ज लिहून दिवस काढले, आणि १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्याच्या कामावर वर्षाला १०५ पौंड मेहनताना आणि जाण्यायेण्याचा खर्च एवढ्यावर गेले. भावाचा खर्च वसूल करून देणारे बॅरिस्टर म्हणून कोणी गांधींची गणना केली नाही, हे देशाचे नशीब. पण भावाच्या घरातली माणसे काय म्हणत असतील?

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण तर कर्जवाल्यांनी तोंडातही घेऊ नये. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. तारण काय, तर एका तरुणाची बुद्धी आणि त्याचा शब्द. पुढे तो करार पुरा झाला नाही, कारण १९१७ मध्ये बडोद्यात त्या विद्वानाला राहायला जागा मिळू दिली नाही. त्यात लाज कोणाला वाटायला हवी ते उघड आहे. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिलेले पैसे होते. कर्ज त्यांनीही घेतले, हे मी लपवीत नाही. पण ते मित्राचे. घराच्या उताऱ्यावर त्याचा बोजा नव्हता. म्हणून ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आल्यावर परळच्या गिरणी कामगाराचे वकीलपत्र घ्यायला त्यांना मोकळीक राहिली.

आणि नाशिकची एक मुलगी. तिचे नाव आपण विसरलो आहोत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशिकला जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि शेवटच्या परीक्षेत पहिल्या आल्या. पहिल्या येणाराला विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. यांना नाकारली, कारण पहिला आलेला विद्यार्थी बाई निघाला. तेव्हा इंग्लंडातल्या काही स्नेह्यांनी वर्गणी केली. लेडी हॉबहाउस पुढे झाल्या, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हातभार लावला. त्या पैशावर कॉर्नेलियाबाई १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये बी.सी.एल. ही कायद्यातली वरची परीक्षा देणाऱ्या तिथल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी मात्र हातात पडली १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवी देतच नव्हते. तीस वर्षे!

या तीस वर्षांत बाईंनी काय केले? १९०४ पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामावर होत्या. पडद्यातल्या विधवा, अज्ञान वारस, दिराने अन् कारभाऱ्याने लुबाडलेल्या जमीनदारणी यांच्या मिळकती वाचवण्यासाठी पालखीतून, होडीतून हिंडत होत्या. त्यांची राजकीय मते मला मुळीच पटत नाहीत. इंग्रजी राज्याचा त्यांना फार पुळका होता. पण पडद्यातल्या बाईची मिळकत हा विषय आणि आमच्या मेकॅनिकच्या मुलीचा विषय, यांत सव्वाशे वर्षांचे अंतर सोडले तर फरक काय? एक वर्गणीवर गेली म्हणून असल्या अशिलांच्या दारी जाऊ शकली. दुसरी घर गहाण टाकून गेली तर जाऊ शकणार नाही. एवढाच फरक.

आता ज्यांनी हा माल विकायला काढला आहे ते आपल्या घरच्या पोरांना तो कसा देतात, ते पाहा. इंग्लंडात १९६७ पूर्वी घरचा आणि परका अशा दोन फिया नव्हत्या. त्या वर्षी परक्यांना २५० पौंड आणि घरच्यांना ७० अशी फोड झाली. १९८० पासून परक्याने पुरा खर्च सोसावा असे ठरले. ठीक आहे, त्यांचे विद्यापीठ, त्यांचा कर. पण पुढचे ऐका. तिकडच्या सरकारने २०१६ मध्ये घरच्या विद्यार्थ्यांना वरच्या पदवीसाठी कर्ज सुरू केले. ते फेडायचे कसे? वर्षाची मिळकत २१ हजार पौंडांवर गेली तर वरच्या रकमेचे सहा टक्के. न गेली तर काहीच नाही. तीस वर्षांत फिटले नाही तर उरलेले माफ. घर मागत नाहीत, बाप मागत नाहीत.

अमेरिकेत घरच्या विद्यार्थ्यांचीही पाठ कर्जाने वाकली आहे, हे खरेच. २०२५ च्या कायद्याने सरकारी कर्जावर नव्या मर्यादाही घातल्या. तरी तिथे २००७ पासून एक सोय आहे: सरकारी किंवा लोकसेवेच्या संस्थेत नोकरी करीत १२० हप्ते भरले, म्हणजे दहा वर्षे, की उरलेले सरकारी कर्ज सोडून देतात. गरिबांचे खटले चालवणारा वकील कर्जात बुडून चालणार नाही, एवढे त्या सावकारी देशालाही उमगले. आपल्या मुलाला यातले काही लागू नाही. त्याला तिथले सरकारी कर्ज मिळत नाही. तिथल्या खासगी पेढ्या बहुधा अमेरिकन जामीन मागतात. मग तो आपल्या गावच्या बँकेत येतो. वर शिकून झाल्यावर एक वर्षापुरता कामाचा परवाना, आणि पुढची वाट २०२५ च्या सप्टेंबरात आणखी बिकट झाली. बाहेरून येणाऱ्या नव्या नोकरदाराच्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर ठेवले. वर्गात दोघे एका बाकावर बसतात, एकच निकालपत्र वाचतात. एकाच्या मागे सरकार उभे असते, दुसऱ्याच्या मागे तीन खोल्या आणि वरचा पत्रा.

माझे एक मित्र बँकेत आहेत. ते म्हणाले, “अहो, लोक पोरीच्या लग्नात वीस-वीस लाख घालवतात, ते चालतं. शिक्षणाला घातले तर तुमच्या पोटात का दुखतं?” मुद्दा चोख आहे. लग्नातल्या उधळपट्टीवरही मी लिहीन, अंकाच्या संपादकांनी पाने दिली तर. पण लग्नाचे मंडप उतरले की बाप रडतो आणि मुलगी निदान मोकळी असते. इथे मुलगी बांधली जाते, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापासून बेचाळिसाव्यापर्यंत. आणि ज्याच्या घरी पैसा आहे, किंवा ज्याला मोठ्या फर्ममधली नोकरी आधीच हातात आहे, त्याने खुशाल जावे. त्याच्या हिशेबाशी माझे भांडण नाही. दुसरे एकजण म्हणाले, ज्ञानाची किंमत पैशात करू नये. ती मी केली नाही. ती फीच्या पत्रकात छापून आली आहे.

मग आपले सरकार काय करते? केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी, सगळ्या देशाला आणि सगळ्या विषयांना मिळून वर्षाला १२५ जागा. २०२५ मध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी पहिल्या फेरीत पत्रे गेली ४० जणांना. उरलेल्यांना कळवले की निधी उपलब्ध झाला तर बघू. आणि २०२२ मध्ये अट घातली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन जाता येणार नाही. म्हणजे हक्कसोडपत्र घेऊन निघालेली मुलगी या अटीत अडकण्याचा पुरता संभव. महाराष्ट्राची राजर्षी शाहूंच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी, जागा ७५. नाव थोर, काम चांगले, आकडा तोकडा. टाटांची १८९२ पासून कर्जरूपाने चालत आलेली शिष्यवृत्ती आहे. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत आपल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. इंग्रज सरकारची चेव्हनिंग आहे, तीत एक अट मला फार आवडते: शिकून झाल्यावर निदान दोन वर्षे आपल्या देशात परत जायचे. परक्याला आपल्या मुलांच्या परतण्याची काळजी, आणि आपली बँक मात्र ती परतू नयेत असाच हप्ता आखते.

मेकॅनिकसाहेबांना मी एवढेच सांगितले की यंदा घराचे कागद कपाटात राहू द्या, आणि ताईला या साऱ्या ठिकाणी अर्ज करू द्या, जिथे जिथे ती बसते तिथे. एक वर्ष गेले तर गेले. दरम्यान पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची दोन वर्षांची एलएल.एम. तिला काही हजारांत करता येईल, ज्युनिअरकी सांभाळून. तिने तोंड थोडे वाकडे केले. करणारच, निळ्या पडद्यावरचे मनोरे तिने पाहिले होते.

पण एका मुलीला थांबवून हा प्रश्न सुटत नाही. आपल्या राज्यघटनेत १९७६ पासून कलम ३९-अ आहे; पैशावाचून कोणाचा न्याय अडू नये, असे ते म्हणते. १९८७ मध्ये त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला. जिल्ह्याजिल्ह्याला त्याची कचेरी आहे. त्या कचेरीला चांगले वकील हवे असतात आणि मिळत नाहीत. मग राज्य सरकारने दरवर्षी कायद्याच्या पन्नास मुलामुलींचा परदेशातला किंवा इथला वरच्या पदवीचा पुरा खर्च उचलावा, आणि बदल्यात पाच वर्षे आपल्या जिल्ह्याच्या त्या कचेरीत खटले चालवण्याचा करार लिहून घ्यावा. सयाजीरावांनी दहा वर्षे मागितली होती, आपण निम्मी मागू. करार मोडला तर पैसे व्याजासकट वसूल करा. पन्नास लाखांप्रमाणे पन्नास मुलांचे पंचवीस कोटी झाले. एवढ्या मोठ्या राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायला भिंग लागेल.

आणि सरकारच्या नावाने बोटे मोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्याकडे ज्ञातीच्या संस्था आहेत, गावोगावच्या विद्यार्थी साहाय्यक समित्या आहेत, वकिलांचे बार आहेत, देवस्थानांचे विश्वस्त निधी आहेत. दर दिवाळीत हे लोक गुणवंतांचा सत्कार करतात. एकाला नारळ, पुष्पगुच्छ आणि पाचशे रुपयांचे पाकीट. असे दीडशे जण, वर प्रमुख पाहुण्यांचा तासभर उपदेश. ते पुष्पगुच्छ दुसऱ्या दिवशी घंटागाडीत जातात. एका जिल्ह्यातल्या अशा दहा संस्थांनी तीन वर्षे पुष्पगुच्छ थांबवून पैसा एकत्र केला, बारने आपल्या थोरामोठ्या वकिलांकडून वर्षाला एकेका खटल्याची फी मागून घेतली, तर एका मुलीचे एक वर्ष उभे राहते. ऑक्सफर्डच्या वर्गणीत याहून निराळे काही नव्हते. तिथे परक्या बायकांनी नाशिकच्या मुलीसाठी केले, इथे आपण आपल्याच जिल्ह्याच्या मुलीसाठी करायचे, आणि तेही ती जातीची कोण, हे न विचारता.

आमच्या तालुक्यातल्या तीन विश्वस्तांशी मी बोललो आहे. एक हसले, एकांनी घटना बघून सांगतो म्हटले, तिसऱ्यांनी विचारले की पहिली पावती कोणाच्या नावे फाडू? माझ्या नावे फाडा म्हणालो, पाच हजारांची. या लेखाचे मानधन आले की भरतो.